एम म्हणजे चढ? इथे नाही!

सरळ रेषेचं समीकरण: वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी. झोपेतून उठवून विचारलं तरी आपण म्हणून दाखवू. त्याच भरवशावर गेल्या महिन्यात मी लेकीचा गृहपाठ बिघडवला.

आम्ही स्वीडनमध्ये, उप्सालाला राहतो. ती नववीत आहे. प्रश्न होता: के = −2, एम = 5, रेषा काढा. एम म्हणजे चढ, यात विचार कसला करायचा? वाय-अक्षावर −2 ला टिंब दिलं, तिथून एक घर उजवीकडे, पाच घरं वर, आणि पट्टी लावून मोकळा झालो. (इथे गणिताची वहीच चौकटींची असते, आपल्यासारखा आलेख कागद पुरवणीला दोऱ्याने बांधायची भानगड नाही.)

"बाबा, ही रेषा खाली उतरायला हवी ना?"

"अगं, एम पाच आहे, धन आहे. चढणारच!"

तिने आपल्या परीने एक्सच्या जागी 1 घालून पाहिला. वाय आला 3. माझी रेषाही बरोबर (1, 3) मधूनच जात होती. गप्प बसली बिचारी.

दुसऱ्या दिवशी वही लाल होऊन आली. स्वीडनमध्ये शिकवतात वाय = केएक्स + एम. चढ म्हणजे के, आणि एम म्हणजे रेषा वाय-अक्षाला छेदते तो आकडा. थोडक्यात, आपला सी! खरी रेषा (0, 5) वरून घरामागे दोन-दोन उतरते: (1, 3), (2, 1).

मग ताळा जुळला कसा? एक्स 1 असला की उरते फक्त के आणि एमची बेरीज, आणि त्यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच. चूक दिसणारच नाही अशी नेमकी ती एकच जागा होती. एक्स 2 घेतला असता तर तिचा वाय 1 आला असता, माझा 8.

प्रायश्चित्त म्हणून रविवारी तिला आंडर्स सेल्सिअसचं घर दाखवायला नेलं. त्याच्या 1742 च्या तापमानाच्या मोजपट्टीवर पाणी 0 ला उकळायचं आणि 100 ला गोठायचं. ती नंतर उलटवली गेली. आजचे अंश एक्स धरले तर त्याचा आकडा वाय = −एक्स + 100. के −1, एम 100. या खेपेला नीट सांगितलं.

ते जुनं घर आजच्या रस्त्याला तिरकं उभं आहे. ती मान वाकडी करून बघत राहिली. "बाबा, याचा को किती?"

के या अक्षराला स्वीडिशमध्ये को म्हणतात.