फोर्क दुपारी झाला, नावावर घोडं अडलं

"ओपन सोर्स आहे, पटत नसेल तर फोर्क करा, म्हणजे कोडची आपली प्रत काढून ती बदला" असं सांगणाऱ्यांनी एकदा तो फोर्क दुसऱ्या पॅकेजच्या डिपेंडन्सीत (त्याला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) बसवून दाखवावा.

आमच्या कामातली एक पायथन लायब्ररी नव्या पायथनवर चालेना. ती सांभाळणाऱ्या मेंटेनरचा पत्ता नाही. दुरुस्ती चार ओळींची, ती टेस्टसकट एका दुपारी उरकली.

पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारात, जुनं नाव मूळ मालकाचं, म्हणून फोर्क नव्या नावाने चढवला. आतलं फोल्डर मात्र जुन्याच नावाचं ठेवलं, नाहीतर सगळीकडचे इम्पोर्ट (कोडमध्ये लायब्ररी मागवणाऱ्या ओळी) बदलत बसा. आणि आम्ही वापरतो ते आणखी एक पॅकेज हीच लायब्ररी मागतं, तेही जुन्या नावाने! पॅकेजेस बसवणाऱ्या पिपच्या लेखी ही दोन वेगळी पॅकेजेस. दोन्ही बसतात, साइट-पॅकेजेसमधल्या (पायथनची बसवलेली पॅकेजेस तिथे राहतात) एकाच फोल्डरात, एकमेकांच्या फाइल्सवर. शेवटी बसेल तो खरा. माझ्या लॅपटॉपवर फोर्क, सर्व्हरवर जुनं. वैतागून जुनं अनइन्स्टॉल केलं, तर जाताना ते माझ्या फोर्कच्या फाइल्सही घेऊन गेलं. पायथन म्हणतं मॉड्यूल नाही, पिप लिस्ट म्हणते आहे की!

डेबियन या लिनक्समध्ये 'मी अमक्याच्या जागी चालतो' असं पॅकेजला जाहीर करता येतं. पायथन पॅकेजच्या मेटाडेटातही, म्हणजे त्याच्या माहितीपत्रकातही, प्रोव्हाइड्स-डिस्ट नावाचा रकाना आहे, पण पिप त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पीआयएल या चित्रांसाठीच्या लायब्ररीचा फोर्क असलेल्या पिलोचंही हेच: नाव नवं, इम्पोर्ट जुना, आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. पण पिलोसाठी बाकीच्यांनी आपापल्या डिपेंडन्सी बदलल्या. आमच्या चार ओळींसाठी कोण बदलणार?

जुनं नाव मागून घेता येतं, पेप 541 या पायपीआयवरच्या नावांच्या नियमावलीप्रमाणे. त्यात वेगळ्या नावाचा फोर्क का चालत नाही हेही पटवून द्यावं लागतं (वरचा परिच्छेद जोडला असता!). पण मालकाच्या उत्तराची वाट सहा आठवडे बघतात. आमची रिलीज थांबणार नव्हती.

शेवटी फोर्कला जुनंच नाव दिलं आणि रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (काय बसवायचं त्या यादीत) थेट फोर्कच्या गिट रेपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, पत्ता टाकला. नाव तेच, त्यामुळे त्या दुसऱ्या पॅकेजचीही मागणी भागली. पत्त्यात ब्रँच (बदलत राहणारी शाखा) नको, कमिट (एका ठरावीक नोंदीची खूण) द्या. आवृत्ती मूळचीच ठेवून अधिक चिन्हापुढे आपली खूण लावा, म्हणजे काय बसलंय ते पिप लिस्टमध्ये कळतं. हो, आणि हे बसवण्याआधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) पुसून नवं करा, जुन्यात डागडुजी नको.

तुमचं स्वतःचं पॅकेज पायपीआयवर जात असेल तर मात्र ही वाट बंद. थेट गिटच्या पत्त्यावरची डिपेंडन्सी तिथे स्वीकारत नाहीत.