फौंड्रीतल्या मशीनच्या फाउंडेशनखाली भरलेली वाळू दाबली होती का? होती.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि शेवटचंच सांगतो. "रोलर फिरवला, टेस्ट पास झाली, तरी मशीन खाली बसलं कसं?" हे मला बेळगावात उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर विचारलंय, टिळकवाडीत लग्नाच्या पंगतीत विचारलंय. विचारणाऱ्याला खरं तर पैसे कुणी खाल्ले एवढंच ऐकायचं असतं. कुणी खाल्ले नाहीत. निदान मी तरी नाही.

काळी माती उपसून वाळू का भरली, हे आपल्याकडे कुणाला समजावायला नको. आता वाळूची गोष्ट अशी की ती नुसत्या वजनाने फारशी दबत नाही. कण एकमेकांना अडून बसतात. हादरा बसला की घटकाभर पकड सुटते आणि कण खालच्या पोकळीत सरकतो. म्हणून तर व्हायब्रो, म्हणजे हादरे देणारा, रोलर लावतात. पण रोलर निघून जातो, मशीन तिथेच राहतं. आणि ते मशीन कुठलं, तर जोल्टचं. हवेच्या दाबाने टेबल उचलायचं, धाडकन सोडायचं, बॉक्समधली वाळू पॅटर्नभोवती, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या नमुन्याभोवती, घट्ट बसवायची. फौंड्रीतला कुठलाही मोल्डर, म्हणजे साचे करणारा, सांगेल, वरून कितीही दाबा, तळाची वाळू सैलच राहते. तिला दणकाच लागतो. मी इंजिनीअर असून हे त्याच्याकडून शिकलो, तेही उशिरा. वर साचा घट्ट होत होता आणि खाली मी भरलेली वाळूही.

तिसऱ्या आठवड्यात ऑपरेटरचा फोन आला. "मत्त कुंतैति री." पुन्हा बसलंय. शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालून लेव्हल केली होती, ती परत गेली होती. एका बाजूला 9 मिलिमीटर. मालक काही बोलले नाहीत. मला बोलावं लागलं, आणि मी म्हणालो, कंत्राटदाराने रोलरच्या फेऱ्या कमी मारल्या असणार. तेवढ्या एका वाक्यावर त्याचं बिल अडलं. सहा महिने. त्या दिवसांत त्याच्या घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, इथे लिहीत नाही.

मग फाउंडेशनच्या कडेला खड्डा घेतला. वरची वाळू वीतभर भुसभुशीत. ते चालतं, उघड्या पृष्ठभागाला वरून आवळणारं काही नसतं, म्हणून रोलरखाली तो सैलच राहतो. त्याखाली हातभर इतकी घट्ट, की सळई ठोकावी लागली. आणि त्याच्याही खाली सळई हातानेच आत गेली. मी उठून उभा राहिलो. तळाचा थर 30 सेंटीमीटरऐवजी 60 चा टाकायला मीच हो म्हटलं होतं. पाऊस तोंडावर होता, खड्ड्यात पाणी साचलं असतं. छोट्या रोलरचा दणका तेवढ्या खोल पोचत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आणि टेस्ट? रिपोर्टात कमाल घनतेच्या 96 टक्के होते, खोटे नव्हते. पण ते वरच्या थराचे. शिवाय सैल ओतलेली वाळूसुद्धा कमाल घनतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास असतेच; म्हणजे 90 टक्के ऐकायला डिस्टिंक्शन, प्रत्यक्षात अर्धीच वाट. त्यात माझे 96 होते प्रॉक्टरच्या आकड्याचे, म्हणजे लॅबमध्ये हातोड्याने ठोकून काढलेल्या कमाल घनतेचे. ओलसर स्वच्छ वाळू फुगते, हातोड्याखाली नीट बसत नाही, आकडा कमी येतो, आणि त्या कमी आकड्याशी तुलना केली की साइट पास. अशा वाळूसाठी माती तपासण्याच्या भारतीय मानकाचा, आयएस 2720 चा, भाग 14 आहे, त्यात वाळू भरलेला साचा कंपणाऱ्या टेबलावर ठेवतात. आमच्या लॅबला ते टेबल नव्हतं. नव्हतं तर काय करणार होतास, असं तेव्हाचा मी अजून विचारतो. धारवाडची लॅब काही चंद्रावर नव्हती.

तरी तेव्हाच्या त्या 'मी'चीही थोडी बाजू घेतो. नीट भरली असती तरी ती बसलीच असती, कमी. मिनिटाला 20 दणके धरले तरी आठ तासांच्या पाळीत 9,600 होतात. ढोबळ मानाने पहिल्या 100 दणक्यांत जेवढी बैठक (म्हणजे खाली बसणं) होते, तेवढीच आणखी होईपर्यंत 10,000 होतात, आणि तिसऱ्यांदा तेवढी व्हायला दहा लाख. वेग मंदावतो. पण हादरा मोठा असेल तर शून्यावर येत नाही. मग फेऱ्या खरंच कमी मारल्या होत्या का? कधी कधी मला अजूनही तसं वाटतं, आणि तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे हेही कळतं.

बिल मी नंतर सोडवलं, लेखी लिहून दिलं. तो कंत्राटदार काँग्रेस रोडवर दिसतो. गाडीचा वेग कमी करत नाही.

शेडच्या खांबावर मी पेन्सिलने खूण केली आहे. मागच्या वेळी फरक अर्धा मिलिमीटर होता. "थांबलं का?" मालकांनी विचारलं. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.