तुम्ही विचारलंत म्हणून: आईला ग्रुप टूरने का नेलं नाही

मावशीने विचारलं, ऑफिसात विचारलं, आईच्या भजनी मंडळातल्या काकूंनी तर आईसमोरच विचारलं, "अगं, या वयात त्यांना युरोपभर रेल्वेने कशाला हिंडवलंस? ग्रुप टूरने का नाही नेलंस?" दोन वर्षं माझं एकच उत्तर ठरलेलं आहे. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये, हे आईला झेपलं नसतं. हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच आहे.

पासचा हिशेब मी नीट केला होता, एवढं आधी सांगते. युरेलचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा पास, महिनाभरात प्रवासाचे कुठलेही 7 दिवस, साठीच्या पुढे 10 टक्के सूट. फ्रान्स आणि इटली मुद्दाम वगळले, कारण तिथल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आरक्षण वेगळं काढावं लागतं, आणि मग मनात येईल तेव्हा निघण्याला अर्थ उरत नाही. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसता येतं. आईचे गुडघे दुखले तर त्या दिवशी जायचं नाही, पाऊस असला तर दिशा बदलायची. 74 वर्षांच्या बाईला घेऊन जायची याहून चांगली पद्धत मला तेव्हा दिसत नव्हती. खरं सांगायचं तर आजही पटकन दिसत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला तसंच झालं. सकाळी धो धो पाऊस, डोंगर दिसेनात. आल्प्सच्या उत्तरेला असं असलं तरी दक्षिणेला बरेचदा ऊन असतं, म्हणून नाश्ता करता करता मी ठरवलं की दक्षिणेकडच्या लुगानोला जायचं. 57 किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून न जाता 1882 च्या जुन्या गोट्टहार्ड रेल्वेमार्गाने. त्या मार्गावर वासेन नावाचं गाव आहे. गाडी डोंगराच्या पोटात गोल वळणं घेत चढते, त्यामुळे तिथलं पांढरं चर्च तीनदा दिसतं, आधी वर, मग समोर, मग पार खाली. आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "हे तर मघाचंच देऊळ!" तिसऱ्यांदा तिने काचेला कपाळ टेकवलं आणि गाव दिसेनासं होईपर्यंत तशीच बसून राहिली. 32 वर्षं चौथीच्या वर्गाला घाट आणि बोगदे शिकवलेली बाई ती. बोगद्यापलीकडे खरंच ऊन होतं. कुणी ग्रुप टूरचं नाव काढलं की मला हा दिवस आठवतो आणि माझा आवाज चढतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही ऑस्ट्रियात होतो. थेट गाडी होती. मला वाटलं, एकाच गाडीत इतके तास बसून आईचे पाय आखडतील, म्हणून मी प्रवासाचे तुकडे केले आणि तीन ठिकाणी गाडी बदलायचं ठरवलं. शेवटच्या जंक्शनवर मध्ये 7 मिनिटं होती. ॲपने ती जोडणी दाखवली म्हणजे ती जमणार, असं मी धरून चालले. लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी दोन्ही बॅगा घेऊन जिना उतरले, पलीकडचा चढले आणि वरून म्हणाले, "आई, चल ना गं लवकर." ती आली. वरच्या पायरीवर आली, कठडा धरला आणि साडीसकट खालीच बसली. मग आडवी झाली. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हती.

गाडी समोरून निघून गेली. एका मुलीने स्वतःचा कोट आईच्या डोक्याखाली ठेवला, कुणीतरी 112 ला फोन लावला. रुग्णवाहिकेतल्या माणसाने मला पहिला प्रश्न विचारला, यांनी आज पाणी किती प्यायलं? मला सांगता येईना. दहा दिवस मी तिच्या शेजारी बसत होते. तिचे गुडघे, तिची झोप, तिचं जेवण, सगळं पाहत होते. पाणी पाहिलं नव्हतं.

रात्री दवाखान्यात सलाइन चालू असताना तिने डोळे मिटूनच सांगितलं. पहिल्याच आठवड्यात गाडीतल्या संडासाचं ते गोल सरकतं दार तिने बटण दाबून बंद केलं. कडी लावायचं बटण वेगळं असतं, ते तिला कळलं नाही. बाहेरच्या माणसाने दार उघडलं. सबंध दार, हळूहळू, आपोआप. स्टेशनवर जावं तर एका वेळेला युरो, म्हणजे शंभरेक रुपये, आणि तेवढ्यात माझी गाडी चुकायची. "मग मी पाणीच कमी केलं," म्हणाली. सकाळी गोळीपुरता घोट. त्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. डॉक्टरीणबाईंनी ते मला दोनदा समजावून सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज सकाळी इतकी खुशीत असायचीस. आज कुठं, उद्या कुठं."

इथे माझी बाजू लंगडी पडते. आईला हवं तेव्हा थांबता यावं म्हणून पास घेतला, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण रोज सकाळी ठरवत होते मी. तिला आदल्या रात्री माहीत नसायचं की उद्या किती जिने आहेत. युरोपियन संघाच्या नियमांत वृद्धांना गाडीत चढायला-उतरायला मदत मिळते, पण त्यासाठी साधारण एक दिवस आधी कळवावं लागतं. मी सकाळी ठरवणार, तर कळवणार कधी? टूरच्या बसचालकाला तिथे साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं. हे मला जाण्याआधीही माहीत होतं, आणि 'बस सारखी थांबते' म्हणून मी नाक मुरडलं होतं. मावशी, तुझं इतकं मी मान्य करते.

पण सगळं मान्य करवत नाही. मागच्या दिवाळीत मी आईला विचारलं, "टूरबरोबर असतो तर तिथे सांगितलं असतंस?" ती म्हणाली, "चाळीस माणसांत? तुला नाही सांगितलं, त्यांना सांगेन?"

पासचे तीन दिवस तसेच राहिले. उरलेले सहा दिवस आम्ही व्हिएन्नात एकाच खोलीत काढले, ट्रामने दोन थांबे जायचो आणि परत यायचो. मंडळात ती वासेनच्या देवळाचं सांगते, दवाखान्याचं कधीच नाही. आता मी सांगितलं, तर तिला आवडणार नाही.

परवा साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकी घाट यायच्या आधीच मी तिला दोनदा विचारलं, "आई, थांबायचंय का?" दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मी काय लहान मूल आहे?" आणि शिरवळपर्यंत बोलली नाही. बाटली तिच्या मांडीवर होती. पाणी किती उरलंय, ते मी आरशातून पाहत होते.