मेळघाटासाठी गाडीतली प्रथमोपचार पेटी: आतापर्यंतचं काम

परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो, आणि पुढे सेमाडोह, हरिसाल, धारणी या पट्ट्यात मोबाईलची रेंज कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. आम्ही अकोल्याचे, त्यामुळे मेळघाट जवळचा. गाडीत आम्ही दोघं, धाकटा १४ किलोचा, मोठी २३ किलोची, आणि रोज इन्सुलिन घेणारी आई. मुलांची वयं न सांगता वजनं सांगतोय, कारण औषधाचा हिशोब वजनावर चालतो. गाडीसोबत मिळालेल्या डबीत पट्ट्या, कापूस आणि छोटी कात्री असते. शहरात तेवढं पुरतं, सिपना नदीच्या काठावर नाही. म्हणून या वर्षी पेटी मुळापासून नव्याने लावायला घेतली.

मार्च

सुरुवात उन्हापासून केली. बहुतेक औषधांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि विदर्भात बंद गाडी उन्हात उभी राहिली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तरी प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. थर्मामीटर आळीपाळीने वेगवेगळ्या जागी ठेवला. भर दुपारी डॅशबोर्डवर पारा ६० च्या पुढे गेला, डिकीत ५० च्या आसपास राहिला, पुढच्या सीटखाली सावलीत ४४ होता. म्हणजे गाडीत कायमची राहू शकेल अशी जागा औषधांना नाहीच.

त्यामुळे पेटीचे दोन भाग केले. पट्ट्या, गॉझ, क्रेप बँडेज, हातमोजे, कात्री, टॉर्च हे सगळं बारा महिने गाडीत. गोळ्या, सिरप, मलमं आणि साखर तपासायच्या स्ट्रिप्स वेगळ्या पिशवीत, ती पिशवी घरात दाराशेजारच्या खुंटीला, आणि गाडीतून उतरताना ती आमच्यासोबत उतरते. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सही उष्णतेने खराब होतात आणि मग चुकीचा आकडा दाखवतात, हे फारसं कुणी बोलत नाही.

इन्सुलिनसाठी पाण्यात भिजवून वापरायचं कापडी पाकीट घेतलं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते कूलरसारखं छान काम करतं. कोकणात जाणाऱ्यांनी मात्र त्यावर विसंबू नये. दमट हवेत पाणी उडतच नाही, मग गारवा कुठून येणार? तिथे थर्मास बरा, फक्त इन्सुलिनचं पेन बर्फाला टेकू द्यायचं नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

एप्रिल

या महिन्यात पेटीत नवं फारसं काही घातलं नाही. मांडणी बदलली, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. आधी गोळ्या एकीकडे, मलमं एकीकडे, पट्ट्या एकीकडे असं होतं. आता तक्रारीप्रमाणे पाउच आहेत: रक्त, भाजलं, ताप, उलटी-जुलाब, साखर कमी. प्रत्येकावर मराठीत ठळक अक्षरं, कारण वेळ आली तर पेटी मीच उघडेन असं नाही. मी गाडी चालवत असेन, किंवा मलाच लागलेलं असेल.

रात्री पार्किंगमध्ये दिवे बंद करून आईच्या हातात मोबाईलचा टॉर्च दिला आणि सांगितलं, "आई, पोराचं कपाळ फुटलंय, काय लागेल ते काढ." तिने रक्ताचा लाल पाउच ओढला, गॉझची घडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून दाबून धरली. मग म्हणाली, "कात्री शोधावी लागली रे, ती दोरीला बांध." आता कात्री लाल दोरीने पाउचलाच बांधलेली आहे. हा पाउच ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात असतो, डिकीत नाही. अपघातात डिकीचं दार उघडेलच असं नसतं.

मे

तापाचं कार्ड तयार झालं. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींचं मिळतं, ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ. बाटल्या दिसायला सारख्याच. एका वेळचा डोस किलोमागे साधारण १५ मिग्रॅ धरला तर धाकट्याला २१० मिग्रॅ होतात, म्हणजे २५० च्या सिरपचे ४.२ मिली आणि १२० च्या सिरपचे पावणेनऊ मिली. घाईत बाटली बदलली की डोस अर्धा तरी होतो नाहीतर दुप्पट. म्हणून पेटीत एकच ताकद ठेवली, २५० ची. सोबत मिलीच्या खुणांची सिरिंज, आणि बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं, दोन्ही मुलांच्या आकड्यांचं लॅमिनेट केलेलं कार्ड. दर सहा महिन्यांनी वजन करून कार्ड बदलायचं. मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, हे कार्डावरच लाल अक्षरांत आहे.

ओआरएसच्या पुड्या मोठ्या ठेवल्या, एका लिटरला एक. लिटरची बाटली रस्त्यात कुठेही मिळते, त्यामुळे मोजमाप चुकत नाही. अर्ध्या बाटलीत अर्धी पुडी हा अंदाजाचा मामला नको. घाटातल्या उलट्यांसाठी पिशव्या, आलेपाक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध.

आईच्या पाउचमध्ये ग्लुकोज पावडर. साखर उतरली आणि ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

जून, पावसाच्या तोंडावर

सगळ्यात जास्त वेळ सर्पदंशाच्या पानाने घेतला. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं इंजेक्शन या चारही विषांवर चालतं. म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचा नाही. ते इंजेक्शन पेटीत ठेवण्याचा विचारही नको. ते शिरेतून देतात, त्याने तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ती सांभाळायला डॉक्टर हवाच.

मग पेटीत काय? हात-पाय स्थिर ठेवायला फळी आणि दोन रुंद क्रेप बँडेज, मोडलेल्या हाडाला बांधतो तसं, करकचून नाही. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, विष चोखायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, पोराच्या पायातला काळा दोरा लगेच काढायचा, कारण सूज आली की ते रुततात. चालवायचं नाही, उचलून न्यायचं. दंशाची वेळ कार्डावर लिहायची. दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, घोणस-फुरशाच्या विषाने आधीच रक्त गोठेनासं होतं.

मण्यारचं वेगळं लिहिलंय. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात. त्यामुळे मच्छरदाणी मी पेटीचाच भाग धरतो. कडा गादीखाली नीट खोचायच्या.

विंचवासाठीही एक ओळ आहे: मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, की निघायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा वापर दाखवून दिला आणि कित्येक जीव वाचले. पण त्या गोळीने रक्तदाब उतरतो, म्हणून ती डॉक्टरांच्या हातातच शोभते.

शेवटचं पान दवाखान्यांचं. सेमाडोह आणि हरिसालची प्राथमिक आरोग्य केंद्रं, चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय, धारणीचं उपजिल्हा रुग्णालय, खाली अचलपूर. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: रात्री डॉक्टर मुक्कामी आहेत का, सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे का. १०८ आणि ११२ दोन्ही लिहिले आहेत, पण रेंज नसेल तिथे हे पानच कामाचं, म्हणून ते मोबाईलमध्ये न ठेवता कागदावर ठेवलं.

राहिलेलं

टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, अजून घेतलेला नाही. रक्तस्रावासाठी तो उपयोगी आहे, पण आधी आम्ही दोघं रेड क्रॉसचा प्रथमोपचार वर्ग करणार, हात बसला की मग पेटीत. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरच चालते, तेव्हा उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची. पावसासाठी सगळे पाउच झिपच्या पिशव्यांत घालायचे आहेत, आणि चिकटपट्टीचे रोल नवे आणायचेत. जुन्यांचा गोंद उन्हाने पाझरलाय.