सायटेशनचा आकडा आणि उसाचा बगॅस

पीएच.डी.साठी गाइड शोधणारे विद्यार्थी हल्ली आधी त्या प्राध्यापकाचे गूगल स्कॉलरवरचे पान उघडतात आणि एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या निबंधात दिलेले संदर्भ) व एच-इंडेक्स पाहून मत बनवतात. बायोमासचे, म्हणजे चिपाड-तुसासारख्या वनस्पतिजन्य मालाचे, धातूंच्या उत्प्रेरकांनी (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांनी) रसायनांत रूपांतर करणे हा ज्यांचा विषय आहे, त्यांच्याबाबतीत हे दोन आकडे फार थोडे सांगतात. यादी खाली सरकवत नेऊन कोणता शोधनिबंध कोणी आणि कशासाठी वापरला हे पाहिले, तर मात्र तीच यादी बोलू लागते.

एच-इंडेक्स हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये सुचवले. ज्याच्या 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन आहेत, त्याचा निर्देशांक 20. आणि ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले, पण प्रत्येकाला हजार सायटेशन मिळाले, त्याचा फक्त 3. शिवाय गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींची मोजणी जुळत नाही, कारण गूगल प्रबंध आणि प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधीचे मसुदे) सुद्धा धरते. आपल्याकडे त्यात नावांचा घोळ आहे. एकच आद्याक्षरे असलेले पाटील आणि जाधव एका जिल्ह्यात इतके सापडतात की, 2012 पासून मिळू लागलेला ऑर्किड (संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा) क्रमांक ज्याने घेतलेला नाही, त्याच्या यादीत दुसऱ्याचे काम सहज मिसळते.

खरा प्रश्न सायटेशन कशाला मिळतात हा आहे. या विषयात यादीच्या माथ्यावर बहुधा आढावा घेणारे लेख असतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या 2004 च्या अहवालाने बायोमासपासून मिळणाऱ्या महत्त्वाच्या पायाभूत रसायनांची यादी दिली. तिच्यात लेव्ह्युलिनिक आम्ल होते, आणि तेव्हापासून त्या आम्लावरच्या असंख्य निबंधांची प्रस्तावना त्या अहवालाच्या उल्लेखाने सुरू होते. हा उल्लेख रिवाजाचा आहे. पाण्यातले क्रोमियम किंवा शिसे उसाच्या चिपाडाने (बगॅसने), भाताच्या तुसाने नाहीतर कुठल्याशा पाल्याने शोषून घेण्याच्या कामातही हेच दिसते. तिथे हो आणि मॅके यांच्या 1999 च्या गतिकीच्या (शोषण किती वेगाने होते हे सांगणाऱ्या) समीकरणाला हजारो सायटेशन आहेत, आणि त्याआधीच्या लागरग्रेन यांच्या 1898 च्या मूळ निबंधाचा संदर्भ इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या प्रकारे चुकीचा दिला की, 2004 मध्ये हो यांनी त्या चुकांवरच स्वतंत्र लेख लिहिला. मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलला की असे होते. अशा मार्गाने वाढलेल्या आकड्याला मी फारसे वजन देत नाही.

मला जे निबंध मोलाचे वाटतात ते यादीत खाली असतात, आणि त्यांचा संबंध थेट कोल्हापूरशी लागतो. बगॅसमधल्या हेमिसेल्युलोज या घटकापासून आम्लाच्या साहाय्याने फरफ्युरल हे रसायन निघते. क्वेकर ओट्स कंपनीने 1922 मध्ये ओटच्या टरफलांपासून ते व्यापारी प्रमाणावर काढायला सुरुवात केली. फरफ्युरलवर तांबे-क्रोमियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन चढवला की फरफ्युरिल अल्कोहोल मिळते, आणि त्याचा मोठा वाटा फ्युरान रेझिनच्या रूपाने ओतकामाच्या साच्यांतली वाळू बांधायला जातो. एका बाजूला साखर कारखाने आणि दुसऱ्या बाजूला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री असलेल्या गावाने या साखळीकडे दुर्लक्ष करावे, याचे मला नवल वाटते. क्रोमियम विषारी असल्यामुळे ते वगळून नुसत्या तांब्याचा टिकाऊ उत्प्रेरक करण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत, आणि एखाद्याच्या यादीत असे काम दिसले की मी थांबून वाचतो.

वाचताना पहिली गोष्ट पाहतो ती कच्च्या मालाची. बाजारातून आणलेल्या शुद्ध झायलोजवर (हेमिसेल्युलोजमधल्या साखरेवर) रुथेनियम किंवा निकेलने दिलेले उतारे, म्हणजे मिळालेल्या उत्पादनाचे प्रमाण, देखणे असतात. खऱ्या बगॅसमधली राख, पोटॅशियम आणि लिग्निन (वनस्पतीला टणकपणा देणारा घटक) आले की ते घसरतात आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणेही अवघड होते. मला वाटते, म्हणूनच अशा प्रामाणिक कामाला सायटेशन कमी मिळतात. दुसरी गोष्ट धातूची. निकेल स्वस्त आहे, पण गरम आम्लयुक्त पाण्यात ते हळूहळू विरघळते. तोच उत्प्रेरक पुन्हा वापरून दाखवला आहे का, आणि द्रावणात किती धातू उतरला हे मोजले आहे का, यावर त्या निबंधाचा कस लागतो. जाता जाता एक तक्रार: प्रस्तावनेत बगॅसला टाकाऊ म्हणण्याची प्रथा आहे, पण इथे तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वीज देतो आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणात काहिलीखाली जळतो, तेव्हा त्यापासून रसायन करायचे तर आधी त्या जळणाची किंमत भरून निघाली पाहिजे. हा हिशेब मांडणारे संशोधक थोडे आहेत.

सायटेशन कोणाकडून आले हेही स्कॉलरवर निबंधाखालच्या आकड्यावर टिचकी मारून पाहता येते. आकड्यातला मोठा भाग लेखकाच्या स्वतःच्या गटाचा असेल, तर तो वजा करून वाचावा. परक्या प्रयोगशाळेने तोच उत्प्रेरक पुन्हा तयार करून पाहिला असेल, तर ते एकच सायटेशन प्रस्तावनेतल्या पन्नास उल्लेखांपेक्षा जड आहे. गाइडला भेटायला जाणाऱ्याने त्यांचा सर्वाधिक गाजलेला आढावा लेख वाचून जाण्यापेक्षा खऱ्या चिपाडावर केलेल्या कामाचा निबंध मागून घ्यावा, आणि त्याच्या पुरवणीत धातू विरघळल्याचा तक्ता आहे का ते आधी पाहावे.