आठ जीबीत फ्रीकॅड बिल्ड करताना

रात्री सव्वाअकराला लॅपटॉपचा पंखा एकदम गप्प झाला. मला हायसं वाटलं, म्हटलं फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्याच्या कोडपासून तयार करायचं काम, म्हणजे बिल्ड, झालं एकदाचं. जवळ जाऊन बघतो तर स्क्रीनभर लाल अक्षरं आणि त्यात एक शब्द ओळखीचा: किल्ड.

मी सॉफ्टवेअरवाला नाही, हे आधीच सांगतो. नाशिकच्या अंबडला माझं छोटं टूलरूम आहे. एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन, दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि माझ्यासकट पाच माणसं. काम बहुतेक जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं आणि ड्रिलला वाट दाखवणाऱ्या जिगचं. ड्रॉइंग पूर्वी एका नावाजलेल्या कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचो. त्याचं लायसन्स दरवर्षी भरायचं, आणि गेल्या वेळी नूतनीकरणाचा आकडा बघून मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, फ्रीकॅड वापरून बघ ना. फुकट आहे." फुकट म्हटलं की आम्हा नाशिककरांचा आधी संशय जागा होतो, पण बघायला काय जातंय, म्हणून घरचा जुना लॅपटॉप काढला. चार कोअरचा आय-फाइव्ह, रॅम आठ जीबी, त्यावर भाच्यानं विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली.

पहिलं इन्स्टॉलेशन पाच मिनिटांत झालं. सॉफ्टवेअर सेंटरमधून घेतलं आणि उघडलं. पण तिथं मिळाली ती ०.१९ ही जुनी आवृत्ती. आठवडाभर काम केल्यावर त्याचा पहिला दणका बसला. बेस प्लेटच्या एका कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका काप, दिला होता. फ्रीकॅडच्या हिशेबी ती 'एज १४'. नंतर स्केचमध्ये क्लॅम्पसाठी एक खाच वाढवली. खाच आली तशी कडांची मोजणी नव्यानं झाली आणि १४ नंबर भलत्याच कडेला गेला. जेवून आलो तर बोअरच्या (भोकाच्या) तोंडावरचा चॅम्फर लोकेटिंग पिनच्या खाचेत जाऊन बसलेला. याला टोपोलॉजिकल नेमिंगचा प्रॉब्लेम म्हणतात आणि फ्रीकॅड वापरणारे लोक त्यावर वर्षानुवर्षं दात-ओठ खात आलेत.

त्यावरचा मोठा उपाय १.० या आवृत्तीत आला, नोव्हेंबर २०२४ ला. प्रकल्प सुरू झाला २००२ मध्ये, म्हणजे 'एक' हा आकडा गाठायला बावीस वर्षं लागली. मला हे आवडलं. तयार नसलेल्या जॉबवर 'ओके'चा शिक्का न मारणारी माणसं दिसतात. रियलथंडर या टोपणनावानं काम करणाऱ्या एका प्रोग्रामरनं आपल्या वेगळ्या शाखेत यावर फार मेहनत घेतली होती, तीच पुढे मुख्य कोडमध्ये आणली गेली. प्रॉब्लेम पूर्ण गेलेला नाही, पण चॅम्फर आता सहसा उड्या मारत नाही.

१.० साठी ॲपइमेज नावाची एकच फाइल उतरवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची आणि डबल क्लिक. माझ्याकडे डबल क्लिक केलं तर काहीच होईना. एररसुद्धा नाही. टर्मिनलमधून चालवल्यावर कळलं की 'लिबफ्यूज२' नावाचं एक पॅकेज हवंय आणि उबुंटू २२.०४ मध्ये ते आपण होऊन येत नाही. एका कमांडचं काम, पण अर्धा दिवस गेला. ज्यांना नुसतं वापरायचंय त्यांनी इथंच थांबावं, पुढचं सगळं माझ्या हट्टापायी.

फ्रीकॅडच्या टेकड्रॉ या विभागात ड्रॉइंगचं पान तयार होतं. एका फिक्स्चरचं सेक्शन, म्हणजे छेद, घ्यायला गेलो की प्रोग्राम धाडकन बंद. बाकी फायलींना काही नाही, त्याच एका फायलीत. म्हणजे दोष माझ्या मॉडेलमध्येही असू शकत होता. जाणकारांना विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता: ताज्या कोडवरही होतं का? आता ताजा कोड म्हणजे सोर्समधून बिल्ड करायचं, असं मी गृहीत धरलं. आमची सुट्टी शनिवारी. म्हटलं, एक शनिवार घालवू.

तीन शनिवार गेले.

पहिल्या शनिवारी गिट या साधनानं कोड उतरवला आणि बिल्डची तयारी करणारं सीमेक चालवलं. लगेच तक्रार: एक फोल्डर रिकामं. फ्रीकॅडचा कोड एकाच ठिकाणी नसतो. काही भाग, उदाहरणार्थ असेंब्लीसाठीचा ऑन्डसेल सॉल्व्हर, 'सबमॉड्यूल' म्हणून वेगळे येतात, आणि कोड उतरवताना ते सांगून मागावे लागतात. ते आणले. मग लायब्रऱ्यांचा, म्हणजे फ्रीकॅड ज्यांवर उभं आहे त्या दुसऱ्यांच्या तयार कोडचा, फेरा सुरू झाला. घनाकृतींचं सगळं गणित ओपन कॅस्केड करतं. हे मूळचं मात्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीचं, १९९९ मध्ये खुलं केलेलं. त्रिमिती चित्र दाखवायला कॉइन, खिडक्या-बटणांना क्यूट, आणि वरून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. हे सगळे एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे हवेत. मी एक पॅकेज इथून, एक तिथून असं करत क्यूट ५ आणि क्यूट ६ यांची अशी खिचडी केली की शेवटी लॅपटॉपवरचं दुसरंच काहीतरी चालेना. मेट्रिक बोल्टला इंची नट. दोन आटे बसतात, मग अडकतं, आणि सोडवायला गेलं की आटे जातात.

दुसऱ्या शनिवारी भाचा जेवायला आला होता. पुरणपोळी खाताखाता त्यानं माझी स्क्रीन बघितली आणि हसला. "मामा, तू एरर शेवटून वाचतोयस. वर जा. पहिला एरर कुठला आहे तो बघ. खालचे सगळे त्याचीच पिल्लं." मग त्यानं पिक्सी नावाचं साधन दाखवलं. फ्रीकॅडच्या कोडमध्येच त्याची यादी ठेवलेली असते. हव्या त्या आवृत्तीच्या लायब्रऱ्या ते वेगळ्या फोल्डरमध्ये आणतं आणि उबुंटूच्या स्वतःच्या लायब्रऱ्यांना हात लावत नाही. पिक्सीला कॉन्फिगर म्हणायचं, मग बिल्ड म्हणायचं. डाउनलोड बरंच मोठं आहे. मोबाइलच्या डेटावर करू नका.

कॉन्फिगर निर्विघ्न पार पडलं. बिल्ड सुरू झालं आणि सव्वाअकराला ते 'किल्ड'.

या वेळी मी वरून वाचलं. मेलेला होता सीसीवनप्लस, म्हणजे सीप्लसप्लस भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर. कोणी मारला? कर्नलच्या, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याच्या, नोंदी बघितल्या तर तिथं स्पष्ट लिहिलेलं: मेमरी संपली. गणित सोपं आहे, पण आधी कोणी सांगितलं नव्हतं. बिल्ड चालवतो निन्जा नावाचा प्रोग्राम. तो चार कोअर बघून आपणहून सहा फायली एकदम घेतो. फ्रीकॅडच्या काही फायली ओपन कॅस्केडच्या एवढ्या जोडफायली (हेडर्स) ओढून आणतात की एकेक कंपायलर एक-दीड जीबी खातो. सहाजण जेवायला बसले, भात पाच जणांचा, त्यात ब्राउझर उघडा. मग कर्नल सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उचलून बाहेर काढतो.

उपाय दोन, दोन्ही केले. 'सीमेक बिल्ड पॅरलल लेव्हल' नावाचं एक व्हेरिएबल असतं, ते २ वर ठेवलं. आणि आठ जीबीची स्वॅप फाइल केली, म्हणजे रॅम कमी पडली तर डिस्कवर भागेल. ब्राउझर बंद, व्हॉट्सॲप फोनवर. आठ जीबीवाल्यांनी पहिल्या दिवशीच एवढं करावं, माझे सहा तास वाचले असते.

तिसऱ्या शनिवारी सकाळी सुरू केलं. मे महिना, दुपारी तीनला पाथर्डी फाट्याकडून काळं आभाळ चढलं, वारा सुटला आणि लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच. बंद. आमच्या हिनं एवढंच विचारलं, "अहो, पुन्हा पहिल्यापासून?" मला उत्तर माहीत नव्हतं. लाइट आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली तर निन्जानं झालेल्या फायली सोडून दिल्या आणि पुढून उचललं. व्हीएमसीचा प्रोग्राम मधल्या ब्लॉकपासून एवढ्या निश्चिंतपणे आपण कधी सुरू करतो का? त्या दिवशी मी ओपन सोर्सच्या प्रेमात पडलो, असं म्हटलं तरी चालेल.

प्रेम लिंकिंगपर्यंत, म्हणजे तयार तुकडे एकत्र जोडण्यापर्यंत, टिकलं. तिथं एरर: अमुक ऑब्जेक्ट फाइल (असाच एक तुकडा) 'ट्रंकेटेड', म्हणजे तुटलेली. लाइट जायच्या जरा आधी जी फाइल लिहून झाली होती तिचा मजकूर डिस्कवर पोचलाच नव्हता. तारीख-वेळ ठीक, नाव ठीक, आत काही नाही. निन्जाला वाटलं झालेली आहे. एररच्या पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. ती फाइल उडवली, आकार शून्य असलेल्या आणखी दोन सापडल्या, त्याही उडवल्या. पुन्हा बिल्ड. रात्री साडेनऊला फ्रीकॅडची खिडकी उघडली.

ती फाइल उघडली, सेक्शन घेतलं. बंद पडलं नाही. पुन्हा घेतलं, दुसरीकडून घेतलं, काही नाही. कोणीतरी कुठंतरी ते आधीच दुरुस्त केलेलं होतं. मी जाणकारांना कळवलं, "ताज्या कोडवर होत नाही." तीन शनिवारांचं फळ एका ओळीत मावलं. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "छान. पण मामा, ताज्या कोडचं तयार ॲपइमेज दर आठवड्याला मिळतं की. मला वाटलं तुला शिकायचंय म्हणून करतोयस." मी फोन ठेवला नाही, एवढंच.

ड्रॉइंगला बसणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. टेकड्रॉच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्शन, म्हणजे कुठल्या बाजूचं चित्र कुठं मांडायचं याची पद्धत, फर्स्ट अँगल आहे की थर्ड अँगल ते आधी बघा. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं. चुकून थर्ड राहिलं तर डावी बाजू उजवीकडे आणि जॉब भंगारात. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरची नाव-माहितीची चौकट, ही एक एसव्हीजी चित्रफाइल असते, ती इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आपल्या शॉपचं नाव टाकता येतं. त्याला बिल्डबिल्ड काही लागत नाही.

रविवारी सकाळी प्रिंट घेऊन शॉपवर गेलो. आमचा ऑपरेटर जुना माणूस, सातपूरमध्ये वीस वर्षं काढलेला. त्यानं कागद उजेडात धरला, छेद बघितला, मान हलवली. मग खिशातून पेन काढून एका आकड्याभोवती गोल केला. तो पीसीडी होता, म्हणजे भोकांची मध्यं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास.

"भाऊ, पीसीडी ८४ लिहिलंय. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर ८२ आहे."

"असेल."

"हे नवीन सॉफ्टवेअरनं केलं का?"

"नाही," मी म्हटलं, "हे मी केलं."