ड्रेस्डेनमधला औरंगजेब

औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार भरलाय. तीनशे वर्षांहून जास्त काळ तो भरलेलाच आहे, अजून उठलेला नाही. फक्त तो दिल्लीत नसून जर्मनीत, एल्बे नदीकाठच्या ड्रेस्डेन शहरात, तिथल्या जुन्या राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावर काचेआड आहे, सोन्याचांदीत घडवलेल्या बोटाएवढ्या माणसांचा. जगभरातले लोक त्याच्याभोवती फिरतात, वाकून पाहतात, 'किती हिरे!' म्हणतात आणि पुढे जातात. मराठी माणूस तिथे जरा जास्त वेळ रेंगाळणार हे नक्की. त्यासाठी वाट वाकडी करावी लागली तरी करावी, असं माझं मत आहे.

बर्लिनहून ड्रेस्डेन आगगाडीने दोनेक तास. माझा भाचा तिथल्या तंत्रविद्यापीठात शिकतो, त्यामुळे राहायची सोय होती आणि वाटाड्याही घरचाच. वाटाड्याने स्वतः मात्र राजवाड्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. "मावशी, तिथे नुसते दागिने आहेत गं," असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चल तर खरं.

जुन्या शहरात शिरताना युद्धाच्या खुणा टाळता येत नाहीत. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलेलं फ्राउएनकिर्श हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. वाचलेले जुने दगड काळे आणि नवे फिकट, त्यामुळे भिंती ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. जवळच राजवाड्याच्या आवाराच्या बाहेरच्या भिंतीवर १०२ मीटर लांबीचं चित्र आहे, माइसेनच्या चिनी मातीच्या फरशांवर काढलेलं. सॅक्सनीवर, म्हणजे ड्रेस्डेन ज्याची राजधानी त्या राज्यावर, आठशेच्या वर वर्षं राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याची ही मिरवणूक. राजे घोड्यांवर, बरेचसे दाढीमिशीवाले. त्यातला आपल्या गोष्टीतला माणूस म्हणजे ऑगस्टस, ज्याला लोक 'बलवान' म्हणत. घोड्याचा नाल हातांनी मोडायचा म्हणे.

हा १६९४ मध्ये सॅक्सनीचा राजा, म्हणजे त्यांच्या भाषेत इलेक्टर, झाला. तीन वर्षांत त्याने पोलंडचं सिंहासनही मिळवलं. त्यासाठी कट्टर लूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, प्रजेचा हा राजा कॅथलिक झाला. सॅक्सनीच्या डोंगरांत चांदीच्या खाणी होत्या, त्यामुळे खर्चाला हात आखडता घ्यायची सवय घराण्यातच नव्हती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसारखं आपणही झळकावं ही त्याची हौस, आणि झळकायचं म्हणजे हिरे हवेत. पुढे १७२३ ते १७२९ या काळात त्याने आपला सगळा खजिना आरसे लावलेल्या दालनांमध्ये मांडला आणि निवडक लोकांना तो पाहू दिला. हेच 'ग्रीन व्हॉल्ट', हिरवं तळघर म्हणा हवं तर. जुन्या खांबांना दिलेल्या हिरव्या रंगावरून हे नाव पडलं. खजिना तिजोरीत कुलपाआड ठेवण्यापेक्षा लोकांना दाखवण्यात राजाचा जास्त फायदा आहे, हे त्याला लवकर कळलं होतं.

आणि आता दरबार. योहान मेल्खिओर डिंगलिंगर हा ऑगस्टसचा सोनार. त्याने दोन भाऊ आणि कारागिरांचा ताफा हाताशी धरून १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं हे काम केलं. राजाने मागणी नोंदवली नव्हती. डिंगलिंगरने स्वतःच्या जोखमीवर ते हाती घेतलं आणि पुढे राजाकडून ५८,४८५ थालर (तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) वसूल केले. राजाची नस त्याला बरोबर सापडली होती. चौथरा १४२ सेंटिमीटर रुंद. त्यावर चांदीचे चौक, पायऱ्या, कमानी. त्यांच्यात सोन्याची, मीनाकाम केलेली बोटाएवढी माणसं आणि जनावरं, आज १३२ उरलेली. हत्ती आहेत, उंट आहेत, पालख्या आहेत. नजराणे घेऊन आलेले सरदार आहेत, त्यांचे छत्रीवाले आहेत. काही जण जमिनीवर पालथे पडून मुजरा करतायत. सगळ्यांच्या वर, पायऱ्यांच्या टोकाला, छत्राखाली तो.

मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला. त्यावर मावळे, तोफा, टोपलीवाली बाई आणि प्लॅस्टिकचा वाघ असे सगळे एकत्र नांदायचे. मापाचा आणि काळाचा कुणी हिशेब ठेवायचं नाही. डिंगलिंगरनेही ठेवलेला नाही. त्याच्या दिल्लीत चिनी छत्र्या आहेत, चिनी ड्रॅगन आहेत, भेटवस्तूंमध्ये इजिप्तचे देव आहेत. सिंहासन मयूरासनासारखं नाहीच. तो भारतात कधी आला नव्हता, ऑगस्टसही नाही. त्याचा आधार म्हणजे प्रवाशांची पुस्तकं, मुख्यतः ताव्हेर्निए आणि बर्निए या दोन फ्रेंच माणसांची. ताव्हेर्निए जवाहिऱ्या होता. १६६५ मध्ये औरंगजेबाच्या खजिन्यातली रत्नं त्याने हातात घेऊन पाहिली होती. बादशहाला वाढदिवसाला तराजूत बसवून तोलतात, उमराव नजराणे आणतात, ही वर्णनं युरोपात चवीने वाचली जात होती. त्यातून ही दिल्ली उभी राहिली.

तिच्यावर रत्नं किती, तर आज मोजून ४,९०९ हिरे, १६० माणकं, १६४ पाचू, एक नीलम, सोळा मोती. मुळात आणखी होती. ३९१ खडे आणि मोती एवढ्या वर्षांत गळून गेले. पण गंमत अशी की पाहताना हिरे वेगळे जाणवत नाहीत. कुणाच्या पागोट्यावर एक टिपका, हत्तीच्या झुलीवर चार. मला तर हिऱ्यांपेक्षा मीनाकामच आवडलं: नखाएवढ्या अंगरख्यावर फुलांची वेलबुट्टी. डिंगलिंगरचा भाऊ गेओर्ग फ्रीडरिश याचं हे कसब. खजिन्याच्या जाहिरातींमध्ये मात्र नाव कायम खड्यांचं.

माझं लक्ष राहून राहून तारखांकडे जात होतं. १७०१ ते १७०८.

१७०१ मध्ये, डिंगलिंगरने पहिली पायरी ओतली असेल तेव्हा, खरा औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. दिल्ली सोडली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती; १६७९ मध्ये तो तिथून निघाला तो परत गेलाच नाही. आदल्याच वर्षी पावसाळा सरता सरता माण नदीकाठी खवासपूरला त्याच्या छावणीत रात्री पूर घुसला. त्या धावपळीत गुडघा दुखावला आणि बादशहा उरलेलं आयुष्य लंगडत चालला. १७०२ मध्ये विशाळगड घेतला, पण तिथून पन्हाळ्यापर्यंतचं एवढंसं अंतर कापायला भर पावसात महिन्यावर दिवस लागले. जनावरं चिखलात मेली, तंबू भिजले, धान्य महागलं. मग सिंहगड, राजगड, तोरणा. बरेच गड तर लढून नाही, किल्लेदाराला पैसे मोजून घेतलेले. त्याची पाठ वळली की मराठे परत घ्यायचे. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले होते आणि समोर ताराबाई उभ्या होत्या.

वाढदिवसाचं म्हणाल तर तराजूत बसून तोलून घ्यायची चाल त्याने स्वतःच गादीवर आल्यानंतर काही वर्षांत बंद केली होती. म्हणजे ज्या थाटाचं युरोपला इतकं अप्रूप, तो खुद्द यजमानाने कधीच गुंडाळून ठेवला होता. १७०७ च्या मार्चमध्ये नगरजवळ भिंगारला तो गेला. डिंगलिंगरचा दरबार त्यानंतर वर्षाने पूर्ण झाला.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो काचेला नाक लावून म्हणाला, "मग याला कुणी कळवलं नाही का?"

"कळवून काय उपयोग होता?" मी म्हटलं. "ऑगस्टसला औरंगजेब नकोच होता रे. त्याला असा राजा हवा होता, ज्याच्यापुढे सगळे पालथे पडतात."

आणि त्याला तो का हवा होता तेही त्याच तारखांमध्ये आहे. हे काम चालू असताना स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने ऑगस्टसला धूळ चारली. १७०६ मध्ये पोलंडचा मुकुट सोडल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि स्वीडिश फौजा खुद्द सॅक्सनीत येऊन बसल्या. मुकुट परत मिळाला तो १७०९ मध्ये. एक राजा सह्याद्रीच्या चिखलात आणि दुसरा दिवाळखोरीच्या वाटेवर, आणि कारखान्यात मात्र हत्तीच्या झुलीवर हिरे बसवणं चालू. मला तरी या अख्ख्या संग्रहात याहून मोठी गंमत दिसली नाही.

हिऱ्यांबद्दल एक गोष्ट तिथल्या पाट्यांवर ठळक असायला हवी होती असं वाटलं. ब्राझीलमध्ये हिरे सापडले ते १७२० च्या दशकात. त्याआधी युरोपात येणारा हिरा बहुतेक करून भारतातून यायचा, थोडेफार बोर्निओतून. भारतातून म्हणजे मुख्यतः गोवळकोंड्याच्या राज्यातून, कृष्णेच्या खोऱ्यातल्या कोल्लूरसारख्या खाणींमधून. आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये औरंगजेबानेच जिंकला होता. तेव्हा या खेळण्यातल्या बादशहाला जे हिरे जडवलेत त्यातले बरेचसे त्याच्याच मुलखातून निघालेले असणार, सुरतेच्या किंवा मछलीपट्टणच्या बंदरातून जहाजात चढून, दलालांच्या हातांतून फिरत इथवर आलेले. पाचूंचा प्रवास उलटा. ते कोलंबियातले, तिथून ते युरोपात यायचे आणि मुघलांकडेही जायचे. त्याच मजल्यावर नासपतीच्या लाकडात कोरलेला एक कृष्णवर्णीय पुरुष हातात पाचूंचा अख्खा खडक घेऊन उभा आहे. तो खडक सम्राट दुसऱ्या रुडॉल्फने १५८१ मध्ये सॅक्सनीला भेट दिला. खडक अप्रतिम आहे. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते नोकराचं हसू मला पाहवेना.

गोवळकोंड्याचं सगळ्यात मोठं देणं मात्र पुढच्या दालनात. 'ड्रेस्डेन ग्रीन', सुमारे ४१ कॅरटचा हिरवा हिरा. ऑगस्टसच्या मुलाने तो १७४२ च्या सुमारास लाइपझिगच्या जत्रेत घेतला. आज तो टोपीला लावायच्या एका शिरपेचवजा दागिन्यात आहे, १७६८ मध्ये घडवलेल्या. भोवती दोन मोठे पांढरे हिरे आणि चारशेच्या वर लहान. हिरवा म्हणजे पाचूसारखा गडद नाही. कच्च्या कैरीच्या सालीचा, किंचित निळसर. जमिनीखाली नैसर्गिक किरणोत्साराच्या शेजारी युगानुयुगे पडून राहिल्याने हा रंग आला. असा रंग हिऱ्यात आरपार उतरणं फार दुर्मीळ, एरवी तो नुसता सालीवर असतो आणि पैलू पाडताना निघून जातो. मी खड्यांची फारशी भोक्ती नाही, पण इथे थांबले.

या हिऱ्याला चोरांचा हातही लागला नाही. २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे चोर खिडकीतून तळमजल्यावरच्या ऐतिहासिक दालनांमध्ये शिरले, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात होता. चोरांनी खिडकीचे गज आधीच कापून पुन्हा चिकटवून ठेवले होते. पुलाजवळच्या वीजपेटीला आग लावून रस्त्यावरचे दिवे घालवले, कुऱ्हाडीने काच फोडली आणि काही मिनिटांत एकवीस दागिने घेऊन पसार झाले. त्यांत चार हजार तीनशेच्या वर हिरे. ऑगस्टस आणि त्याच्या वारसांचे हे संच: एकेका रत्नाचा एकेक संच, त्यात कोटाची बटणं, तलवारीची मूठ, टोपीचा पेच, बुटांची बक्कलं. बहुतेक नट्टापट्टा पुरुषांचा, हे आमच्या भाच्याला फार आवडलं. बर्लिनच्या एका टोळीतल्या पाच जणांना २०२३ मध्ये शिक्षा झाली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये बराचसा माल परत मिळाला होता, काही तुकडे मोडलेले, ओलीने खराब झालेले. ४९ कॅरटचा पांढरा हिरा असलेला खांद्याचा दागिना मात्र अजून बेपत्ता आहे.

तळमजल्याच्या दालनांत जाताना धूळ अडवणाऱ्या दोन दारांमधून आत घेतात. आत दागिन्यांची सोडली तर काचेची कपाटं नाहीत, पाट्याही नाहीत. आरशांच्या भिंती, सोनेरी कोनाडे आणि त्यांत उघड्यावर मांडलेल्या वस्तू, ऑगस्टसने ठेवल्या तशा. अंबर नावाच्या पिवळ्या राळेचं दालन, हस्तिदंताचं दालन, चांदीचं दालन, आणि एकेक ओलांडत शेवटाकडे जडजवाहिराचं. डोळे दिपवण्याचा क्रम त्याने फार हुशारीने लावलाय. १९४५ मध्ये यातली तीन दालनं जळाली. वस्तू आधीच कोनिगश्टाइनच्या डोंगरी किल्ल्यावर हलवल्या होत्या, तिथून त्या रशियनांनी मॉस्कोला नेल्या आणि १९५८ मध्ये परत दिल्या. लुटीचा माल परत येतो असं इतिहासात फार वेळा घडलेलं नाही, हे आपल्याला सांगायला नको.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ग्रीन व्हॉल्टचे दोन भाग आहेत. तळमजल्यावरच्या ऐतिहासिक भागाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी काढून ठेवावं. औरंगजेब आणि हिरवा हिरा दोन्ही वरच्या, नव्या भागात आहेत; घाईत लोक खालचंच पाहून परततात. वरचा भाग आधी करा, कारण खालच्या आरशांनंतर डोळे थकतात आणि मग बोटाएवढ्या माणसांकडे नीट पाहणं होत नाही. चेरीच्या बीवर कोरलेले चेहरे भिंगातून पाहायला विसरू नका. दमलात की बाहेर आयरशेके नावाचा तीन थरांचा केक मिळतो, अंडी आणि चक्क्यासारख्या चीजचा, तो खा. आणि मंगळवारी जाऊ नका, राजवाडा बंद असतो.